मुंगी नमुन्याची चादर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
साखर पेठ, सोलापूर
दि. १२ ऑगस्ट १९७४

चि. बसलिंगप्पा यास,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझा लिफाफा परवा पोचला. आत पत्र नव्हतं. बरोबर केलंस. “या घरात तुझं एक अक्षर येता कामा नये,” असं मी डिसेंबर बाहत्तरमध्ये सांगितलं होतं, ते तू वीस महिने पाळलंस. बापाचं इतकं ऐकणारा मुलगा अख्ख्या साखर पेठेत दुसरा नसेल. हेच आधी ऐकलं असतंस तर मुंबईच्या हॉटेलात लोकांच्या जेवणात पियानो वाजवायची वेळ तुझ्यावर आली नसती.

लिफाफ्यातून एक मोठा कागद निघाला. पाच-पाच ओळींचे पट्टे, त्यांवर काळे ठिपके, ठिपक्यांना शेपट्या, आणि प्रत्येक पट्ट्याच्या डाव्या टोकाला एक सुरेख कोयरी. मी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. चादरवाल्याचा मुलगा कुठेही गेला तरी चादरवाल्याचाच राहतो. उशिरा का होईना तुला अक्कल आली आणि तू नमुना काढून पाठवलास.

आता दोष सांगतो. कोयरी एकाच बाजूला आहे. शेपट्या काही वर, काही खाली, त्याला काही शिस्त नाही. बिरप्पाला दाखवला. तुला आठवत असेल, आपले सगळे नमुने तोच चौकटीच्या कागदावर उतरवतो आणि त्यावरून मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो. लहानपणी तू त्याच्याजवळ बसून भोकं मोजायचास. त्याने कागद सरळ धरला, उलटा धरला आणि म्हणाला, “मालक, ह्यो नमुना लई येगळा हाय. आपल्या पेठंत असं काम कुणाकडंच न्हाय.” पुठ्ठे करायला घेतले आहेत.

तुझ्या आईची तब्येत ठीक आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तू उठून गेलास त्या दिवसापासून बोललेली नाही. रोज जेवणाच्या वेळी तुझा पाट मात्र मांडते आणि त्या पाटाशी बोलते. “पाटा, सांग त्यांना, ज्वारी संपली.” “पाटा, विचार त्यांना, ताक हवंय का.” मी समोर दोन हातांवर बसलेला असतो. तिची अटही तिने पहिल्याच दिवशी पाटाला सांगितली आहे: ज्यांनी माझ्या लेकराला घालवलं, त्यांनी ‘माझं चुकलं, ये’ असं स्वतःच्या हाताने लिहून त्याला बोलवावं, तोवर पार्वतम्मा नवऱ्याशी बोलणार नाही. असल्या अटी मी मान्य करत नसतो. हे पत्र केवळ नमुन्यासंबंधी आहे.

कळावे,
गुरुबसप्पा

ता. क. दुसरा नमुना असल्यास पाठवावा. अक्षर न लिहिण्याचा नियम कायम आहे.


सोलापूर
दि. २९ जानेवारी १९७५

चि. बसलिंगप्पा यास अनेक आशीर्वाद.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तुझी चादर लावली होती. पांढऱ्यावर काळी. पहिल्या दिवशी लोक लांबून बघून जात होते. दुसऱ्या दिवशी वळसंगची एक म्हातारी समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “ह्या एवढ्या मुंग्या कुटं निगाल्यात रं?” झालं, तेच नाव पडलं. मुंगी-चादर. संक्रांतीनंतर तीन दिवसांत एकही शिल्लक राहिली नाही. करमाळ्याचे व्यापारी तर लग्नासाठी मुंगीच पाहिजे म्हणून अडून बसले आहेत. लग्नात मुंग्या कशाला, हे मी विचारलं नाही.

दुसरा नमुना मिळाला. यात मात्र मोकळी जागा फार आहे. चार ठिपके, मग काहीच नाही, पुन्हा दोन ठिपके, पुन्हा काहीच नाही. गिऱ्हाईक अख्खी चादर घेतं, अर्धी घेत नाही. तुझा हात आळसावला आहे. तिसरा नमुना भरगच्च काढ.

आता एक खाजगी. मुंबईहून येणाऱ्या एका सूत व्यापाऱ्याने सांगितलं, की त्या हॉटेलात तुला ‘बॅसिल’ म्हणतात. तुमच्या वाद्यवृंदाच्या गोव्याच्या म्होरक्याला अख्खं नाव जमत नाही म्हणे. तुझ्या आजोबांचं नाव आहे ते. जिभेला त्रास होत असेल तर त्यांना सांग, की सावकाश म्हणा, घाई नाही.

तो म्होरक्या रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाताळचा नाच वाजवायला आला नसता आणि त्याचा पियानोवाला नेमका त्याच दिवशी आजारी पडून त्याच्या जागी तू बसला नसतास, तर आज तू आठ माग सांभाळत असतास. मी मिशन शाळेच्या त्या गाण्याच्या बाईंनाही माफ केलेलं नाही. तुला इंग्रजी शिकायला पाठवलं होतं, बाईंनी पियानो शिकवला.

आई पाटाला म्हणाली, “पाटा, पोरगं चादरीतून आलं, पायांनी कधी येणार?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुला त्या दिवशी उठायला मी सांगितलं असेलही. रागात माणूस बरंच बोलतो.

कळावे,
गुरुबसप्पा


सोलापूर
दि. ६ एप्रिल १९७५

चि. बसलिंगप्पा यास अनेक आशीर्वाद.

सुताच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. तुझ्या हॉटेलवरून जावं लागलं, कारण रस्ताच तो होता. आत गेलो नाही. दारातून जेवढं दिसतं तेवढं दिसलं.

खुर्च्या लाल आहेत. तिसऱ्या खांबामागच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, चहा सांडतो. कटलेट गार होतं. वेटरने दोन वेळा विचारलं, “और कुछ?” मी म्हणालो, ऐकतोय. तो म्हणाला, “यहाँ कोई नहीं सुनता, साब.” हे दारातूनच बोलणं झालं.

तू वाळला आहेस. डोळे मिटून वाजवतोस, ती सवय चांगली नाही, मागावर असं केलंस तर बोट जाईल. तुझा उजवा पाय मात्र मी ओळखला. मागाची पावडी दाबावी तसा दाबतोस, आधी टाच, मग हळूच चवडा. ते तुला बिरप्पाने शिकवलं होतं, त्या गोव्याच्या माणसाने नाही. ते संगीत कसलं ते मला कळलं नाही. सगळे एकत्र निघतात, मग जो तो आपल्या वाटेने जातो, आणि आता हे हरवले असं वाटतं तोच सगळे एकाच वेळी घरी येतात. मला त्या वेळी हायसं वाटलं.

शेजारच्या टेबलावर एक जाडा गृहस्थ तू वाजवत असताना मोठमोठ्याने हसत होता. त्याला मी सांगितलं, की माणूस मागावर बसलेला असताना आवाज करू नये. त्याला अर्थ कळला नाही, पण माझा चेहरा कळला असावा. नंतर तो मान खाली घालून जेवला. तू एकदा खांबाकडे पाहिलंस. मी वाकून चप्पल शोधत होतो.

तिसरा नमुना भरगच्च आहे. समाधान वाटलं. सूचना केली की सुधारणा होते.

घरी आलो तर आई पाटाला म्हणाली, “पाटा, विचार त्यांना, कसा दिसतो माझा मुलगा?” मी पाटाला उत्तर दिलं. काय करणार. “पाटा, सांग तिला, वाळलाय, पण हात चांगला चालतो.” त्यावर तिने पाटाला पदराने पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी तुला उठवलं हे खरं आहे. पण तू उठलास कशाला?

कळावे,
गुरुबसप्पा


सोलापूर
दि. १८ नोव्हेंबर १९७५

चि. बसलिंगप्पा यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या जहाज कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर टाकतो आहे, कधी मिळेल देव जाणे. तुझा लिफाफा सांतोस नावाच्या बंदरातून आला. पोस्टमनने तिकीट मागितलं, मी दिलं नाही. नकाशा आणून पाहिला. ब्राझील. जहाजावर वाजवायला निघालास हे मला त्या सूत व्यापाऱ्याकडून कळावं. आईने पाटाला विचारलं, “तिथं ज्वारी मिळते का?” मी पाटाला सांगितलं, मिळत नाही. तेव्हापासून दोघंही उदास आहेत, ती आणि पाट.

सध्या देशात जास्त बोलू नये असे दिवस आहेत. आपल्या घरी ते अडीच वर्षं आधीच आले होते, त्यामुळे आम्हाला जड जात नाही.

या वेळी कागदाच्या कोपऱ्यात तू दोन शब्द लिहिलेस: ‘बोसा नोव्हा’. नियमभंग आहे, पण नमुन्याचं नाव म्हणून चालवून घेतो. बिरप्पा म्हणतो, “नाव लई अवघड हाय मालक, आपली मुंगीच बरी.” आणि हा नमुनाही मुंगीचाच आहे. मला फसवू नकोस. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. ठिपके तेच, फक्त प्रत्येक ठिपका जागेवरून किंचित सरकलेला, जिथे पडायला हवा त्याच्या जरा पलीकडे. बोटीच्या हलण्याने असं झालं असेल, असं समजून बिरप्पाने सगळे ठिपके ओढून नीट चौकटीत बसवले. त्याला दोन आठवडे लागले. तुझ्या चुका निस्तरायला आम्ही इथे समर्थ आहोत, तू काळजी करू नकोस.

बोट बुडत नाही ना, एवढं कळव. अक्षरात कळवलंस तरी चालेल.

गुरुबसप्पा


सोलापूर
दि. ३ ऑगस्ट १९७६

बसलिंगप्पा,

तू मुंबईत परत आल्याचं कळलं. हे पत्र मी रागात लिहितो आहे. रागाचं कारण खाली येईल.

शनिवारी सकाळी दुकानात तुझी बोसा नोव्हा दर्शनी टांगली होती. आई आत जुन्या चादरींच्या घड्या घालत होती. तेवढ्यात त्या मिशन शाळेच्या गाण्याच्या बाई रस्त्याने चालल्या होत्या, त्या दुकानापुढे थबकल्या. आता निवृत्त झाल्या आहेत, काठी घेऊन चालतात. मी मान फिरवली. बाई चादरीजवळ आल्या, चष्मा वर केला, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि गुणगुणायला लागल्या. बोट पुढे, आवाज पुढे. अर्ध्या चादरीपर्यंत गाणं सरळ गेलं आणि मग तसंच उलटं परत आलं, कारण दुसरा अर्धा भाग आपण नेहमी उलटवून घेतो. बाई म्हणाल्या, “गुरुबसप्पा, असं गाणं मी जन्मात ऐकलं नाही. हे कुणी लिहिलं?”

मी म्हणालो, बाई, हा नमुना आहे. त्या म्हणाल्या, “नमुना कसला? ही पियानोची लिपी आहे. तुमच्या मुलाला मीच शिकवली.”

बसलिंगप्पा, मला वाटलं जमीन फाटावी. दोन वर्षं मी तुझ्या गाण्यांच्या शेपट्या सारख्या कर म्हणून पत्रं लिहिली. आळसावला आहेस म्हणालो. अकलूजपासून वळसंगपर्यंत लोक तुझी गाणी अंगावर घेऊन झोपले आहेत. आणि तू एका अक्षराने बोलला नाहीस. तिकडे तुझे ते वाद्यवृंदवाले माझी पत्रं वाचून पोट धरून हसले असतील.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून गुणगुणलं, आणि आतून आवाज आला, “तिथं तसं नाही.”

आई दारात आली होती. ती माझ्याशी बोलली नाही, बाईंशी बोलली. म्हणाली, “तिथं लगेच पुढं जायचं नाही. तिथं कांडीवर सूत अडकतं. बोटानं सोडवायचं, मग पुढं.” आणि तिने ते म्हणून दाखवलं. राहाटावर सुताच्या कांड्या भरताना ती गुणगुणायची ते. शब्द नसलेलं. तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचास ते. बाई म्हणाल्या, पण इथे ठिपके सरळ आहेत. तेव्हा मी कपाटातून तुझा मूळ कागद काढला. सगळे कागद मी मुंगी-चादरीत गुंडाळून ठेवलेले आहेत, ते तुला कळायचं कारण नाही. बाईंनी कागदावरून म्हटलं. प्रत्येक सूर जरा उशिरा. प्रत्येक ठिकाणी सूत अडकत होतं आणि सुटत होतं. बिरप्पाही येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “मालक, मी कशाला सरळ केलं वो?” आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ते गाणं आपल्या घरात साडेतीन वर्षं नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं. घरात काहीतरी कमी आहे एवढंच वाटायचं. मी ते वय झाल्यामुळे म्हणून सोडून दिलं होतं.

आई दुकानात बोलली, म्हणून घरी बोलेल असं वाटलं. घरी आल्यावर तिने पाट मांडला आणि म्हणाली, “पाटा, वरण गार होतंय.”

मी फार रागावलो आहे. कुणावर ते ठरल्यावर कळवतो.

गुरुबसप्पा


सोलापूर
दि. २२ ऑगस्ट १९७६

चि. बसलिंगप्पा यास अनेक आशीर्वाद.

पद्धत म्हणून नव्हे.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून गिचमिडच आहे. “अप्पा, मी हसलो नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, खरं सांगितलं तर दुसरं येणार नाही,” असं तू लिहिलंस, ते मी तीनदा वाचलं. नंतर दुकानात गेलो आणि एका गिऱ्हाइकाला विनाकारण चहा पाजला.

जहाजावर पहिल्यांदा ते ब्राझीलचं बोसा नोव्हा वाजवणं ऐकलंस तेव्हा तिथल्या माणसांनी तुला विचारलं, हा उशिरा पडणारा ठेका इतका लवकर कसा उचललास, आणि तू सांगितलंस, की आमच्या घरी हे राहाटावर चालतं. हे मी आईला वाचून दाखवलं. म्हणजे पाटाला वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, “पाटा, त्या लोकांकडे कांड्या कोण भरतं?”

माझ्या सांगण्यावरून मोकळी जागा भरून काढलेला तिसरा नमुना तू रोज वाजवतोस, त्याचं नाव ‘साखर पेठ’ ठेवलंस, आणि त्यालाच सर्वात जास्त टाळ्या पडतात, हेही समजलं. हे मी पेठेत कुणाला सांगितलेलं नाही. बिरप्पाला सांगितलं. पोस्टमनला सांगितलं. बाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो आणि तिथे माफीही मागून आलो. त्यांच्यापाशी जमलं. मग घरी येताना विचार केला, की परक्या बाईपाशी जमतं आणि पोटच्या पोरापाशी जमत नाही, हा कसला मर्दपणा.

तर आता लिहितो. त्या दिवशी तू जेवायला बसला होतास. आईने गव्हाची गोड हुग्गी केली होती, तुझी आवडती. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालास, अप्पा, मला मुंबईला बोलावलंय. आणि मी तुला भरल्या ताटावरून उठवलं. म्हणालो, बाजा वाजवणाऱ्याला या घरात जेवण नाही. तू उठलास कशाला, असं मी मागे एकदा विचारलं होतं. मी सांगितलं म्हणून उठलास. नेहमी माझं ऐकायचास, तसंच. तुझं ताट तसंच राहिलं, वरचं तूप थिजलं, ते मी दुपारभर बघत बसलो होतो. तेव्हापासून या घरात हुग्गी झालेली नाही.

तुला मागावर बसवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माग बिरप्पा बघतो आणि मी बिरप्पाला बघतो. तू तुझा पियानो वाजव. बाई म्हणतात, शाळेतला अजून सुरात आहे, उंदरांनी एकच पट्टी खाल्ली आहे.

माझं चुकलं. ये.

झालं, लिहिलं. आता सही करणार, तोच लक्षात आलं की आई मघापासून माझ्या पाठीशी उभी राहून वाचते आहे. पाट भिंतीला लावलेला आहे, म्हणजे मध्ये कुणी नाही. तिने वाकून कागदावर बोट ठेवलं आणि मला, थेट मला, म्हणाली:

“अहो, नुसतं ‘ये’ काय लिहिता? ‘जेवायला ये’ लिहा.”

जेवायला ये.

गुरुबसप्पा

ता. क. वरचं लिहून झाल्याला दोन तास झाले. त्यानंतर ती थांबलेली नाही. साडेतीन वर्षांचं सगळं क्रमाने सांगते आहे, सध्या त्र्याहत्तरचा श्रावण चालू आहे. मध्येच कुठे सूत अडकलं तर थांबते, सोडवते आणि पुन्हा पुढे. हुग्गीसाठी गहू भिजत घातले आहेत. जमेल तितक्या लवकर ये, म्हणजे ऐकायला आपण दोघे होऊ.